ब वॉर्डातला टॉवेल

एलम रटच्या धाकट्या मुलीचं, लोइसचं लग्न ज्या वसंतात ठरलं, त्याच वसंतात, लग्नाला तीन आठवडे उरले असताना, एका मंगळवारी सकाळी एलमच्या तोंडावर लाथ बसली. लाथ मारणारा व्हर्जिल हॉब्स खुर्चीत बसलेला होता आणि एलम त्याच्यासमोर गुडघ्यावर. लँकेस्टरच्या रेल्वे यार्डामागं मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीचं जे मिशन होतं, त्याच्या तळघरात दर मंगळवारी रस्त्यावर राहणाऱ्या माणसांचे पाय धुतले जात. एलम नऊ वर्षं हे काम करत होता. पांढरा इनॅमलचा टब, कोमट पाणी, त्यात मूठभर मीठ, हिरवा साबण, नखं कापायचा चिमटा, आणि डाव्या खांद्यावर टॉवेल. हॉब्सच्या दोन बोटांमध्ये जखम चिघळली होती. एलमचा अंगठा तिच्यावर जरा जास्त दाबला गेला आणि हॉब्सची टाच वर आली. एलमची कवळी तोंडातल्या तोंडात मोडली. टबातल्या पाण्यात रक्ताचे दोन थेंब पडले आणि धुरासारखे पसरले. एवढं एलमला दिसलं. त्याच्या पुढचं त्यानं पाहिलं नाही, त्याच्या हातांनी केलं. खांद्यावरचा टॉवेल हॉब्सच्या दोन्ही घोट्यांभोवती दोनदा फिरला, टोकं एकमेकांवरून गेली, डावं उजव्यावरून, गुडघा खुर्चीच्या दांडीवर रोवला गेला आणि पीळ बसला. हॉब्स किंचाळला. पलीकडं मोजे वाटत असलेली मेबल ग्रॉफ धावत आली. "एलमभाऊ! रक्त येतंय तुम्हाला! सोडा, सोडा, मी धरते त्याला." एलमला सोडता येत नव्हतं. मेबलनं त्याची बोटं एकेक करून उकलली आणि म्हणाली, "बरं झालं, पाय धरून ठेवलेत. नाहीतर त्यानं दुसरी हाणली असती." हॉब्स मात्र घोटे चोळत एलमच्या तोंडाकडं न बघता हातांकडं बघत होता. "धरून ठेवले म्हणे," तो म्हणाला. "बाई, मी दोनदा तुरुंगात जाऊन आलोय. पाद्रीबाबा, हे कुठं शिकलात तुम्ही? हे बायबलात नाही." मग तो हसला. त्याला पुढचे दात नव्हते. आता एलमलाही नव्हते.

घरी जाताना बसमध्ये एलमनं दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले. साठ वर्षांचे हात. या हातांनी त्यानं तीस वर्षं बाजारात बीट आणि कोबी विकले, पाच मुलांना न्हाऊ घातलं, दोघांना पुरलं. पस्तीस वर्षं या हातांना टॉवेल म्हणजे भांडी पुसायचा, तोंड पुसायचा, वर्षातून दोनदा प्रभुभोजनानंतर कमरेला बांधून भावांचे पाय पुसायचा. आणि एवढ्या वर्षांत ते काही विसरले नव्हते. डावं उजव्यावरून. गुडघा रोवायचा. पस्तीस वर्षांपूर्वी इस्पितळात कॉरिगननं एकदाच दाखवलं होतं. एलमला वाटलं, आपण नऊ वर्षं पाय धूत होतो तेव्हा हे दोन हात खाली मान घालून नुसते वाट बघत होते.

त्याच्या बायकोनं, व्हर्नानं दारातच त्याचं तोंड पाहिलं. "अगं बाई! कोणी केलं हे?" "चुकून लागलं." "चुकून? टाच उमटलीय तुझ्या ओठावर." तिनं बर्फ फडक्यात बांधून दिला, कोंबडी आणि मक्याचं सूप गाळून निव्वळ पाणी त्याच्यासमोर ठेवलं. मग तिला हसू आलं. "तीन आठवड्यांत कवळी होईल का रे? नाहीतर लोइसच्या लग्नात तू आपला सूप पीत बस. आणि टायटस बिशप उपदेश लांबवतात तेव्हा निदान तुला जांभई देताना कोणी दात मोजणार नाही." एलम हसला नाही. व्हर्नानं त्याच्या फाटक्या डाव्या कानावरून हात फिरवला. त्या कानाची पाळी नव्हती. गायीनं चावली, असं मुलांना सांगितलेलं होतं. "तू उलट काही केलं नाहीस ना, एवढं पुरे," ती म्हणाली. "मला विचारायची गरजच नाही. अठरा महिने त्या वेड्यांमध्ये काढलेस आणि एकदाही हात उचलला नाहीस." हे वाक्य ती रविवारच्या शाळेत मुलांना सांगत असे. हेच वाक्य एलमच्या आईनं मंडळीसमोर त्याच्या पत्रातून वाचून दाखवलं होतं. एलमनं चमचा खाली ठेवला. सूप गळ्याखाली उतरत नव्हतं, गळ्याशी काहीतरी आवळल्यासारखं होत होतं, आणि तो गळा आपला आहे याचंच त्याला नवल वाटत होतं.

महायुद्धाच्या दिवसांत त्याच्या पंथातल्या पोरांनी बंदूक घ्यायला नकार दिला. मारणाऱ्याला उलट मारायचं नाही, ही त्यांची चारशे वर्षांची शिकवण. सरकारनं त्यांना बंदुकीऐवजी दुसरी कामं दिली. कोणी जंगलातल्या आगी विझवल्या, कोणी रस्ते खणले. एलम आणि त्याच्याच मंडळीतला टायटस एबी यांना गाडीनं तीन तासांवरच्या एका सरकारी वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं. एलमला ब वॉर्ड मिळाला. हिंसक पुरुषांचा. एकशेदहा माणसं आणि पाळीला दोन परिचर, बहुतेक वेळा एकच. कपडे फाडून टाकत म्हणून निम्म्यांच्या अंगावर कपडे नव्हते. भिंतीला धरून लाकडी बाकं, फरशीवर मूत, उंचावर जाळीच्या खिडक्या. पहिल्या दिवशी एकानं दुसऱ्याचं डोकं फरशीवर आपटलं तेव्हा एलम हात जोडून ओरडत राहिला, "भाऊ, नको! भाऊ, नको!" आणि आजूबाजूचे वीसएक जण त्याच्यामागं तेच ओरडायला लागले, भाऊ नको, भाऊ नको, टाळ्या पिटत. त्या माणसाचा डोळा गेला. एलमनं कोणावरही हात उचलला नव्हता. त्या संध्याकाळी मुख्य परिचर कॉरिगन त्याच्याशेजारी येऊन बसला. आयरिश, एका पायानं अधू, तोंडाला व्हिस्कीचा वास. त्याच्यापाशी रबरी नळीचा तुकडा असे. "काय रे पाद्री, फार सोवळा आहेस तू. मारायचं नाही ना तुला? नको मारूस. मी कुठं म्हणतोय मार?" त्यानं बादलीतला टॉवेल पिळून एलमच्या हातात दिला. "हा मागून गळ्यात टाकायचा. डावं उजव्यावरून. गुडघा पाठीत. दहा आकडे मोजलेस की गडी झोपला, मग सोडायचं. वळ नाही, रक्त नाही, डॉक्टरची कटकट नाही. तुझ्या देवानं भिंग लावून पाहिलं तरी खूण सापडायची नाही." एलम म्हणाला, "मला हे जमणार नाही." कॉरिगन म्हणाला, "मी तुझा वरिष्ठ आहे का नाही? तुझ्या पुस्तकात वरिष्ठाचं ऐकावं असं लिहिलंय का नाही? मग ऐक की."

आणि एलमनं ऐकलं. हीच गोष्ट त्यानं पुढं पस्तीस वर्षं उलटसुलट करून पाहिली. लहानपणापासून त्याला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या, हात उचलू नये आणि सांगितलेलं ऐकावं. टॉवेलात त्या दोन्ही बसत होत्या. हात उचलावा लागत नव्हता, टॉवेल उचलावा लागत होता. पहिल्यांदा वापरला तेव्हा त्याला उलटी झाली. दुसऱ्यांदा झाली नाही. मग कितव्यांदा ते मोजणं सुटलं. दोन आजाऱ्यांची मारामारी मिनिटभरात मिटे, म्हाताऱ्यांना भाकरी खाता येई, आणि एलम घरी लिही, देवाच्या कृपेनं आजही मी कोणावर हात उचलला नाही. लिहिताना त्याला खोटं बोलल्यासारखं मुळीच वाटत नसे. टॉवेल टाकून निजवलेल्या माणसाला तो स्वतः उचलून बाकावर ठेवी, तोंड पुसून देई, आणि ते करताना त्याचा जीव मायेनं भरून येई. कॉरिगनची नळी त्याला किळसवाणी वाटत असे. तो रोज मनात म्हणे, मी तसा नाही.

बुधवारी तो बाजारात गेला नाही. गुरुवारीही नाही. मागच्या अंगणात बीटाचे वाफे करायचे होते, तो फावडं घेऊन उभा राही आणि फावड्याच्या दांड्यावर आपली बोटं कशी बसली आहेत ते बघत राही. शनिवारी दुपारी मंडळीची तयारीची सभा होती. प्रभुभोजनाच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक सभासदानं एकेकटं आत जायचं. बायका टोप्या ठेवतात त्या लहान खोलीत बिशप आणि त्यांचा मदतनीस डिकन बसलेले असतात. बिशप विचारतात, देवाशी आणि माणसांशी तुझी शांती आहे का? माणसानं म्हणायचं, शांती आहे, आणि भोजनाला बसायची माझी इच्छा आहे. कोणाशी वैर असेल, मनात काही दडलं असेल, तर तिथंच सांगायचं, आणि ते मिटेपर्यंत भाकरीला हात लावायचा नाही. वर्षातून दोनदा, पस्तीस वर्षं. एलमनं हे वाक्य सत्तर वेळा म्हटलं होतं. पहिली काही वर्षं घाम फुटे. मग तेही थांबलं. आणि गेली अठरा वर्षं समोर बसून विचारणारा बिशप टायटस एबी होता.

ब वॉर्डातला स्टॅनली वोयचिक कोळशाच्या खाणीतला माणूस. एकोणतीस वर्षांचा, दारातून तिरका होऊन शिरणारा. खाण कोसळली तेव्हा तीन दिवस तो भावाच्या प्रेताखाली होता, असं म्हणत. तो बटणं जमवत असे, सगळ्यांच्या कपड्यांची बटणं तोडून गालात ठेवी, आणि मन प्रसन्न असलं की पोलिश गाणी म्हणत एकेक बटण तळहातावर थुंकून दाखवी. एलम त्याला आवडे. "पाद्री, हे तुझं," असं म्हणून त्यानं एकदा एलमच्याच कोटाचं बटण त्याला परत दिलं होतं. दुसऱ्या आठवड्यात त्याच माणसानं एलमचा कान चावून पाळी तोडली आणि बटणांसारखी गालात ठेवली. कॉरिगन हसून हसून बाकावर लोळला. "माग की परत! देईल तो, भला माणूस आहे." टाके घालताना एलमनं डॉक्टरला सांगितलं, माझा त्याच्यावर राग नाही. हेही त्याला खरं वाटलं होतं. ती गोष्ट मार्चच्या पहिल्या आठवड्यातली. पुढचा रविवार आला तेव्हा बर्फ वितळत होतं, पन्हाळी गळत होत्या, कॉरिगन पिऊन कपड्यांच्या खोलीत पडला होता आणि एकशेदहा माणसांत एलम एकटा होता. म्हातारा प्रुइट आंधळा होता. त्याच्या सदऱ्याला एक शिंपल्याचं बटण होतं. स्टॅनलीनं ते ओढलं, प्रुइटनं हात झटकला, आणि स्टॅनलीनं त्याचं डोकं धरून गरम पाण्याच्या लोखंडी नळांवर आपटायला सुरुवात केली. एकदा, दोनदा. आवाज ओल्या पोत्यासारखा. एलमनं टॉवेल टाकला. डावं उजव्यावरून. गुडघा रोवला. स्टॅनलीचे हात सुटले, प्रुइट सरपटत बाकाखाली गेला. एलमला प्रुइटचे पाय बाकाखाली नाहीसे होताना स्पष्ट दिसले. तिथं मोजायची गरज संपली होती. तिथंच सोडायला हवं होतं.

तिथंच सोडायला हवं होतं, हे एलम अंगणात मोठ्यानं म्हणाला, आणि व्हर्नानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं, "काय रे?" "काही नाही." त्याला आठवत होतं ते सांगता येण्यासारखं नव्हतं. त्याला घृणा आठवत नव्हती, भीती आठवत नव्हती. तुटलेला कान पट्टीखाली ठणकत होता, आणि पीळ जसजसा बसत गेला तसतसा तो ठणका थांबत गेला. स्टॅनलीच्या टाचा फरशीवर आपटत होत्या. त्याच्या तोंडातून बटणं पडली, एक, मग दोन-तीन, फरशीवर नाचत गेली. वॉर्ड हळूहळू शांत झाला. शंभर माणसं, जी झोपेतसुद्धा ओरडत, ती सगळी गप्प बसून त्याच्याकडं बघत होती. त्या अठरा महिन्यांत पहिल्यांदा त्याला पन्हाळीतून पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू आला. एलमला इतकं शांत कधीच वाटलं नव्हतं, बाप्तिस्म्याच्या दिवशीसुद्धा नाही. मग शेजारच्या जेवणघरातून टायटस आला. "एलम, सोड," तो म्हणाला. "एलम, सोड." तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा त्यानं एलमची बोटं एकेक करून उकलली. मंगळवारी मेबलनं उकलली तशीच. टायटसनं स्टॅनलीच्या छातीला कान लावला, बराच वेळ लावून ठेवला. मग टॉवेल उचलून तो धुलाईघरात गेला, आणि परत आला तेव्हा त्याचे हात उकळत्या पाण्यानं लाल झाले होते. डॉक्टरनं हृदय बंद पडलं असं लिहिलं. टायटस म्हणाला, "तू कोणावर हात उचलला नाहीस. मी पाहिलंय." त्यानंतर त्या विषयावर दोघं एक शब्द बोलले नाहीत. पुढं मंडळीत नवा उपदेशक निवडताना रिवाजाप्रमाणे टेबलावर आठ भजनपुस्तकं ठेवली, एकात चिठ्ठी; आठ जणांनी एकेक उचलायचं, चिठ्ठी ज्याला मिळेल तो उपदेशक. टायटसच्या पुस्तकात ती निघाली. तो ओक्साबोक्शी रडला. लोक म्हणाले, किती नम्र माणूस. एलम शेजारीच रिकामं पुस्तक धरून उभा होता, आणि टायटस कशासाठी रडतोय हे त्या सभेत त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

शनिवारी रांगेत त्याच्यापुढं लोइसचा होणारा सासरा होता, बाजारातला चीजवाला. तो वळून कुजबुजला, "एलम, कवळीचं ऐकलं. काळजी करू नकोस, तुझ्यासाठी मऊ चीज राखून ठेवतो." एलमनं मान हलवली. लग्न टायटस लावणार होता. तीनशे माणसांना आमंत्रणं गेली होती. लोइसनं स्वतः हातानं शिवलेला राखाडी पोशाख दाराच्या मागं टांगलेला होता. एलमला पुढं काय होईल ते दिसत होतं, आणि झालंही जवळपास तसंच. लग्न तीन जिल्हे पलीकडच्या एका अनोळखी बिशपनं लावलं, आणि एलम मागच्या बाकावर बसला. व्हर्ना पुढं कित्येक महिने त्याच्याशी फक्त जेवायला ये एवढंच बोलली. मिशनमध्ये तो पुढच्या मंगळवारी गेला तेव्हा हॉब्सनं विचारलं, "टॉवेल कुठंय?" एलम म्हणाला, "आणला नाही." मग दोघं जण हॉब्सचे ओले पाय वाळायची वाट बघत बराच वेळ बसून राहिले, आणि हॉब्सनं त्याला चिडवलं नाही. पण हे सगळं नंतरचं. चीजवाला बाहेर आला आणि एलम आत गेला.

खोलीत खिळ्यांवर बायकांच्या काळ्या टोप्या टांगलेल्या होत्या. टेबलामागं टायटस, पांढरी दाढी, हात एकमेकांवर. शेजारी तरुण डिकन मार्लिन नोल्ट, समोर सभासदांची वही उघडून. टायटसनं एलमच्या सुजलेल्या ओठाकडं पाहिलं आणि नजर खाली घेतली. "भाऊ एलम, देवाशी आणि माणसांशी तुझी शांती आहे का?"

एलमनं मार्लिनच्या उघड्या वहीकडं पाहिलं.

"शांती आहे का?" टायटसनं पुन्हा विचारलं. मग हळू म्हणाला, "एलम, म्हण. बाहेर चाळीस माणसं थांबलीत."

"थांबू देत," एलम म्हणाला. दात नसल्यानं शब्द फुसफुसत निघत होते. "तो पस्तीस वर्षं थांबलाय."

मार्लिननं वर पाहिलं. "कोण?"

"मार्लिन, तू जरा बाहेर जा," टायटस म्हणाला.

"नको," एलम म्हणाला. "त्याच्यासमोरच. टायटस, तू मला विचारतोस आणि मी सांगतो, असं आपण किती वर्षं एकमेकांचे गळे धरून बसलोय? मंगळवारी एका माणसानं मला लाथ मारली. मी त्याचे पाय बांधले. त्याच पद्धतीनं, टायटस. त्याच. मला वाटलं होतं मी बदललोय. मी नुसता पाय धूत होतो."

टायटसनं एकमेकांवरचे हात टेबलाखाली घेतले. एलमला त्याची दया आली, आणि दया येत असतानाच त्यानं आपले हात पाठीमागं घट्ट धरले, कारण ती दया त्याच्या ओळखीची होती. बाकावर निजवलेल्या माणसाचं तोंड पुसताना ती अशीच येत असे.

"त्यानं प्रुइटला सोडलं होतं," एलम म्हणाला. "मी नाही सोडलं. मला बरं वाटत होतं म्हणून नाही सोडलं. मंडळीच्या वहीत मयतांचं पान आहे. त्यात त्याचं नाव लिहा. त्याला पुरताना कोणी नव्हतं."

"तो आपल्या मंडळीचा नाही," मार्लिन म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "त्या पानावर फक्त आपली..."

तेव्हा टायटस उठला. खुर्ची मागं सरली, भिंतीवरच्या दोन टोप्या खाली पडल्या. तो टेबलाला वळसा घालून आला आणि एलमच्या शेजारी, ज्यांना विचारतात त्यांच्या बाजूला उभा राहिला. म्हातारपणानं त्याची मान हलत होती. "टॉवेल मी धुतला," तो म्हणाला. "लिही, पोरा. तो सांगतो तसं लिही."

मार्लिननं पेन हातात घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. वहीची पानं उलटून तो मयतांच्या पानावर आला. बाहेर रांगेतलं कोणीतरी खोकलं. एलमनं एकेक शब्द सांगितला आणि मार्लिननं तो तसाच उतरवला.

स्टॅनली वोयचिक, खाणकामगार, वय एकोणतीस. सरकारी इस्पितळाच्या ब वॉर्डात, रविवार, ११ मार्च १९४५ रोजी, दुपारी साडेतीनच्या सुमारास, एलम रटच्या हातून मेला.